‘फुकट’ तिकिटाचा हिशेब: विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड घ्यावं का?

गेल्या आठवड्यात गावाकडच्या एका ज्युनियरचा मेसेज आला. तिची नेटमध्ये जेआरएफ निघालीय, पीएचडीचं रजिस्ट्रेशन व्हायचंय. पुण्यात एका मॉलमध्ये तिला स्टॉलवाल्यानं गाठलं होतं. ‘ताई, विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड आहे. वर्षाला एक तिकीट फुकट, एअरपोर्टवर लाउंज फुकट, प्रत्येक खर्चावर पॉइंट. पीएचडीत कॉन्फरन्सला जावं लागतंच ना? घेऊन ठेवू का?’

मी आधी ‘नको’ असं टाइप केलं, मग पुसलं. ‘का नको’ हे तिनं विचारलंच असतं आणि ते एका ओळीत सांगण्यासारखं नव्हतं. शिवाय असंच एक कार्ड मी स्वतः वापरलंय आणि त्याचा हिशेब कधी कागदावर मांडलेला नव्हता. या निमित्तानं मांडला. नेहमी इथे आपण एखाद्या पेपरची चिरफाड करतो, आज एका कार्डाची करू. पद्धत तीच. दावा काय आहे, छेदात काय आहे, आणि कोणता आकडा समोर ठेवलेलाच नाही.

आधी पॉइंट नावाची वस्तू तयार कशी होते ते बघू. १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सनं ‘एअ‍ॅडव्हान्टेज’ ही योजना सुरू केली. कल्पना साधी होती: आमच्याच विमानानं वारंवार उडा, उडालेल्या मैलांच्या हिशेबात बक्षीस घ्या. पुढे बँका यात आल्या आणि गणित बदललं. आता मैल मिळवायला उडावं लागत नाही, किराणा भरला तरी मिळतात. कारण बँक विमान कंपनीकडून हे पॉइंट घाऊक भावात विकत घेते आणि ते ग्राहकांना वाटते. म्हणजे विमान कंपनीची एक टांकसाळच झाली. नाणं ती पाडणार, त्याचा भाव ती ठरवणार आणि त्यात काय विकत मिळेल तेही तीच ठरवणार. ही टांकसाळ केवढी मोठी आहे ते कोविडमध्ये कळलं. २०२० साली विमानं जमिनीवर असताना युनायटेड एअरलाइन्सनं आपली ‘माइलेजप्लस’ योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. त्या वेळी कंपनीनं या योजनेचं मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर दाखवलं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये डेल्टानं ‘स्कायमाइल्स’च्या जोरावर ९ अब्ज डॉलर उभे केले. विमानं उडत नव्हती, तरी पॉइंटांवर कर्ज मिळत होतं.

मग बँक पॉइंटांचे पैसे कुठून काढते? थोडे वार्षिक फीमधून. थोडे दुकानदाराकडून, कारण प्रत्येक स्वाइपमागे त्याच्या बिलातून साधारण दोन टक्क्यांच्या आसपास कापले जातात. थोडे परदेशी चलनातल्या खर्चावरच्या मार्कअपमधून. आणि बरेचसे अशा ग्राहकांकडून, जे पूर्ण बिल वेळेवर भरत नाहीत. कार्डाच्या जाहिरातीत यातला पहिलाच स्रोत दिसतो, तोही ‘पहिल्या वर्षी माफ’ असा. बाकीचे तीन कुठे आहेत ते माझ्याच बिलावर दाखवते.

माझं पेपर-प्रेझेंटेशन युरोपातल्या एका परिषदेत स्वीकारलं गेलं. तिकीट ६२,००० रुपयांचं. नोंदणी फी ४५० युरो. सोपं जावं म्हणून युरो ९० रुपयांचा धरू, म्हणजे ४०,५०० रुपये. दोन्ही मी कार्डावर भरलं. खर्च नंतर परत मिळणार होता, मग दरम्यान पॉइंट का सोडायचे? हा विचार इतका सरळ वाटतो की त्यात काही तपासायचं असतं हेच सुचत नाही.

पहिला फटका नोंदणी फीवर. परदेशी चलनात व्यवहार झाला की माझ्या कार्डावर ३.५ टक्के मार्कअप लागायचा आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एकूण ४.१३ टक्के. ४०,५०० वर १,६७३ रुपये. हे स्टेटमेंटमध्ये वेगळ्या ओळीत, बारीक अक्षरात, फीच्या दोन-तीन दिवस नंतर येतं. मला ते महिनाभरानं दिसलं. (तिकडे गेल्यावर मशीन विचारतं, ‘रुपयांत भरायचं की युरोत?’ रुपये म्हटलं की ओळखीचं वाटतं, पण तिथला रूपांतराचा भाव बहुतेक वेळा आणखी वाईट असतो. युरोच म्हणायचं.)

दुसरा फटका मोठा. परतल्यावर मी क्लेम भरला. एक कागद कमी, मग एक सही कमी, मग आर्थिक वर्ष संपलं. संस्थेचं नाव घेत नाही, कारण हे कुठेही होतं. पैसे यायला पाच महिने लागले. बिल एक लाख अडीच हजारांचं होतं. त्यातले ४२,५०० मी साठवलेल्या पैशांतून भरले, ६०,००० मागे राहिले. दर महिन्याला व्याज, त्यावरचा कर आणि तीन हजार मुद्दल असं भरत गेले. व्याज महिना ३.५ टक्के. कार्डाच्या व्याजावरही १८ टक्के जीएसटी लागतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे परत ४.१३ टक्केच. चार महिन्यांचं मिळून ९,१६९ रुपये झाले. पाचव्या महिन्यात क्लेमचे पैसे आले आणि मी उरलेलं फेडून टाकलं.

आता जमेची बाजू. शंभर रुपयांना दोन पॉइंट, म्हणजे २,०५० पॉइंट. एका पॉइंटची किंमत वापरताना साधारण ५० पैसे पडत होती, म्हणजे १,०२५ रुपये. शिवाय मुंबईला लाउंजमध्ये उपमा आणि दोन कॉफी. त्या उपम्यासाठी मी विमानतळावर चार तास आधी पोहोचले होते, हे लाजत सांगते.

खर्च १०,८४२, मिळकत १,०२५ अधिक उपमा. क्लेममध्ये मार्कअप धरला गेला नाही आणि व्याजाचा तर प्रश्नच नव्हता. तो माझा ‘वैयक्तिक’ खर्च.

यावर कोणी म्हणेल, चूक तुझीच, पूर्ण बिल भरायचं होतंस. बरोबर आहे. पण जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे, एसआरएफ ४२,०००. एक लाखाचं बिल म्हणजे जवळपास तीन महिन्यांची फेलोशिप. त्यात फेलोशिप दर महिन्याला ठरल्या तारखेला येते असं तुमच्या ओळखीतल्या किती जणांना छातीठोकपणे सांगता येईल? कार्डाचं गणित नियमित पगार धरून बसवलेलं आहे. आपलं उत्पन्न कमी आहे हा अर्धाच प्रश्न. ते केव्हा येईल हे ठरलेलं नसतं, हा खरा प्रश्न. आणि नेमकं त्याच ठिकाणी व्याज बसतं.

इथे एक तपशील फार कमी जणांना ठाऊक असतो. ‘पन्नास दिवस व्याज नाही’ ही सवलत आधीचं बिल पूर्ण भरलं असेल तरच लागू असते. थोडं जरी मागे ठेवलं की ती सवलतच जाते. मग जुन्या थकबाकीवर खरेदीच्या तारखेपासून व्याज, आणि त्या महिन्यात तुम्ही घेतलेल्या नव्या वहीवर, चहावरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज. ‘मिनिमम ड्यू’ भरून कार्ड चालू राहतं, दंड टळतो, व्याज टळत नाही. महिना ३.५ टक्के हा आकडा लहान दिसतो कारण तो महिन्याचा आहे. बाराने गुणला तर ४२ टक्के, चक्रवाढीनं बघितला तर ५१ टक्क्यांच्या वर. प्रयोगशाळेत कोणी एकक बदलून आलेख दाखवला तर आपण लगेच हात वर करतो. स्टेटमेंट वाचताना करत नाही.

आता सुप्याबद्दल, कारण मी आणि ती ज्युनियर दोघी तिथल्या. बारावीच्या एनसीईआरटीच्या इतिहासात आपल्या गावाचं नाव आहे, स्पर्धा परीक्षावाल्यांना ते पाठच असतं. १२ मे १८७५ ला आसपासच्या गावांतली रयत सुप्यात जमली. सुपं तेव्हाही बाजाराचं गाव, दुकानदार आणि सावकार इथेच राहायचे. लोकांनी त्यांच्याकडून वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. धान्याची दुकानं लुटली, काही घरांना आगी लावल्या. इथून ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं, तीसहून जास्त गावांत पोहोचलं, ९५१ लोकांना अटक झाली. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच.

परीक्षेपुरतं एवढं पुरतं. मला कुतूहल होतं ते वेगळंच: लोकांनी वह्याच का जाळल्या? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला भाव आला. त्या वर्षांत कर्ज मागायला जावं लागत नव्हतं, ते आपणहून दारात येत होतं. कापूस लावलेल्या एकरामागे शंभर रुपये उचल मिळायची. युद्ध संपलं, मागणी पडली, उचल बंद झाली, जुनी वसुली मात्र सुरू राहिली. त्यातच सरकारनं शेतसारा वाढवला.

आणि रोख्याचं काय झालं ते बघा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोखा तीन वर्षांपुरताच वैध ठरवला होता. हेतू चांगला होता, व्याज साचत राहू नये. सावकारांनी त्यावर उपाय काढला. दर तीन वर्षांनी नवा रोखा करायचा, आणि जुनं मुद्दल अधिक साचलेलं व्याज हे सगळं नव्या रोख्यात ‘मुद्दल’ म्हणून लिहायचं. कागदावर व्याज कुठे दिसतच नाही, दिसतं ते फक्त वाढलेलं मुद्दल. मुद्दलाहून जास्त व्याज घेऊ नये ही दामदुपटीची जुनी रीत अशानं कागदावर न मोडता मोडली गेली. दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाला एक प्रकरण असं सापडलं की शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावलेलं होतं.

१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानं यावर जे केलं ते मला संशोधक म्हणून फार आवडतं. त्यानं न्यायालयाला रोख्याच्या मागे जायला सांगितलं. समोरच्या कागदावर काय लिहिलंय ते राहू दे, व्यवहार पहिल्यापासून तपासा, मुद्दल आणि व्याज वेगवेगळं मांडा, व्याजाचं मुद्दल केलं असेल तर ते वजा करा. सावकारानं पावती आणि हिशेब द्यायचा हेही त्यात आलं. कच्चा डेटा मागण्याचाच हा प्रकार झाला.

मी बँकेला सावकार म्हणत नाहीये. फरक मोठा आहे. मला वाचता येतं, कार्ड मी आपणहून घेतलं, आणि नियमांचं संरक्षण आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत हे सगळं आलंय: न मागता कार्ड द्यायचं नाही, महत्त्वाच्या अटींचं पत्रक वेगळं द्यायचं, फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड कित्येक महिने-वर्षं लांबेल आणि चक्रवाढ व्याज लागेल, असा इशारा द्यायचा, न भरलेली शुल्कं आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायचं नाही. हे शेवटचं वाचताना मला १८७५ चा रोखाच आठवला. पण व्याजाच्या दराला मर्यादा नाही. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ ला तो निर्णय रद्द केला. म्हणजे दरावर लक्ष ठेवायचं काम आता तुमचंच.

ठीक आहे, समजा तुम्ही माझ्याहून शहाण्या आहात आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरता. तरी ‘वर्षाला एक तिकीट फुकट’ कसं मिळतं ते बघा. बहुतेक कार्डांवर ते ठरावीक खर्चानंतर मिळतं. उदाहरणादाखल तीन लाख धरू. जेआरएफचे वर्षाचे ४ लाख ४४ हजार होतात. तीन लाख कार्डावर घालायचे म्हणजे उत्पन्नातला दोन तृतीयांश हिस्सा, तोही अशा खर्चांवर जिथे कार्ड चालतं. मेसवाले मामा कार्ड घेत नाहीत. घरभाडं कार्डानं भरलं तर कित्येक बँका टक्काभर शुल्क लावतात आणि वर पॉइंटही देत नाहीत. लाउंजचंही तसंच झालंय; गेल्या तिमाहीत अमुक खर्च केला असेल तरच प्रवेश. आणि तिकीट ‘फुकट’ म्हणजे फक्त मूळ भाडं फुकट. विमानतळाचं शुल्क, कर, कधी कधी इतर अधिभार रोखीनं भरावेच लागतात. पुण्याहून थेट परदेशी विमानं मोजकीच, त्यामुळे बहुतेक परिषदांना मुंबई किंवा दिल्ली गाठावीच लागते. तो खर्च कोणत्याही पॉइंटात बसत नाही.

टप्पा गाठायला थोडं कमी पडलं की काय होतं? इथे थोडं विज्ञान येतं. १९३० च्या दशकात क्लार्क हल या मानसशास्त्रज्ञानं दाखवलं की पळवाटेवरचा उंदीर खाद्याच्या जवळ आला की वेग वाढवतो. २००६ मध्ये किवेट्झ, उर्मिन्स्की आणि झेंग यांनी हेच कॉफीच्या कार्डावर तपासलं. काही ग्राहकांना दहा शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं, काहींना बारा शिक्क्यांचं, पण त्यातले दोन आधीच मारलेले. दोघांनाही दहाच कॉफ्या घ्यायच्या होत्या. तरी दुसऱ्या गटानं कार्ड लवकर भरलं. ‘स्वागताचे १,००० पॉइंट’ कशासाठी असतात ते यावरून कळेल. त्याआधी २००१ मध्ये प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी एमआयटीतल्या एमबीएच्या विद्यार्थ्यांकडून बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली मागवली. अर्ध्यांना रोख भरायला सांगितलं, अर्ध्यांना कार्डानं. कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट होती. नमुना लहान आहे, विद्यार्थी विशिष्ट आहेत, ‘दुप्पट’ हा आकडा किराण्याला लावू नका. पण दिशा लक्षात घ्या. दोन टक्के परतावा मिळवताना खर्च पाच टक्क्यांनी वाढला तर काय कमावलं?

बरं, साठलेले पॉइंट टिकतात का? किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, लोकांचे ‘किंग माइल्स’ त्यांच्यासोबत गेले. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. ‘जेटप्रिव्हिलेज’ ही वेगळी कंपनी असल्यामुळे तिथले पॉइंट नाहीसे झाले नाहीत, योजना पुढे ‘इंटरमाइल्स’ नावानं चालली. पण ज्या विमानात बसायला लोकांनी ते साठवले होते तेच राहिलं नाही. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. पॉइंट तिकडच्या योजनेत गेले, मात्र विस्ताराच्या नावाच्या कार्डांवरची मोफत तिकिटं बँकांनी टप्प्याटप्प्यानं बंद केली. कंपनी बुडायलाच हवी असंही नाही. काल दहा हजार पॉइंटांत मिळणारं तिकीट उद्या पंधरा हजारांत गेलं तर तुमच्या खात्यातला आकडा तोच दिसतो. बचत खात्यावर निदान व्याज मिळतं. इथे ठेव तुमची, आणि तिची किंमत दुसऱ्यानं ठरवायची.

आता मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग. पूर्ण बिल भरणाऱ्याला खरोखर फायदा होतो, हे खरं आहे. मग तो देतं कोण? बारामतीतल्या कापडदुकानदाराला स्वाइपमागे दोन टक्के जात असतील, तर तो ते भावात धरतो. भाव सगळ्यांना एकच. म्हणजे रोखीनं साडी घेणारी बाईसुद्धा कोणाच्या तरी लाउंजमधल्या उपम्याला हातभार लावते. २०१० मध्ये बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या शुह, शाय आणि स्टेव्हिन्स यांनी अमेरिकेसाठी याचा अंदाज काढला होता. रोखीनं व्यवहार करणारं कुटुंब वर्षाला सरासरी १४९ डॉलर गमावतं, कार्ड वापरणारं १,१३३ डॉलर मिळवतं.

त्यानंतरचा अगरवाल, प्रेस्बिटेरो, सिल्व्हा आणि विक्स यांचा पेपर तुम्ही पद्धतीसाठी जरूर वाचा. प्रश्न असा: पॉइंटवाली कार्डं लोकांना जास्त खर्च करायला लावतात का? नुसती तुलना करून चालत नाही, कारण जास्त खर्च करणारेच अशी कार्डं घेतात. कारण कोणतं आणि परिणाम कोणता ते सांगता येत नाही. म्हणून त्यांनी असे प्रसंग शोधले जिथे ग्राहकानं न मागता बँकेनं स्वतःहून मर्यादा वाढवली होती, आणि पॉइंटवाल्या व बिनपॉइंटच्या कार्डांवर त्यानंतर काय झालं ते पाहिलं. पॉइंटवाल्या कार्डांवर खर्च जास्त वाढला आणि कार्डाच्या व्यवहारात कच्चे असलेल्यांची थकबाकीही वाढली. त्यांच्या पैशावर जाणकारांना फायदा झाला, उत्पन्न काहीही असो. एकूण आकडा त्यांनी वर्षाला १५ अब्ज डॉलर काढलाय, आणि हा पैसा कमी शिकलेल्यांकडून जास्त शिकलेल्यांकडे, गरीब वस्त्यांतून श्रीमंत वस्त्यांत जातो.

हे आकडे जसेच्या तसे भारताला लावू नका. आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, त्यामुळे गल्लीतल्या किराणा दुकानात हा प्रश्न फारसा येत नाही. मोठी दुकानं, हॉटेलं, ऑनलाइन खरेदी इथे तो येतो. किती येतो, हा कोणाला तरी चांगला पीएचडीचा विषय होईल. (अर्थशास्त्रवाल्यांनो, ऐकताय ना?)

संशोधकांसाठी आणखी एक गोष्ट, जी कार्डाच्या पत्रकात सापडणार नाही. सरकारी निधीतून प्रवास असेल तर तिकीट कुठून काढायचं याचे नियम असतात. केंद्र सरकारच्या जून २०२२ च्या आदेशानुसार बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीनच एजंटांकडून तिकीट काढायचं, प्रवासाच्या निदान २१ दिवस आधी, आणि त्या वर्गातलं स्वस्तातलं. अनेक संस्था आणि प्रकल्प हाच नियम लावतात. तुम्ही पाचपट पॉइंटांसाठी कार्डाच्या संकेतस्थळावरून बुकिंग केलंत, तर क्लेमच अडकू शकतो; मग ६२,००० चं तिकीट खरोखर तुमचंच. सरकारी कर्मचाऱ्यांना तर शासकीय प्रवासावर मिळालेले पॉइंट खासगी प्रवासाला वापरायची मुभाच नाही. उद्या प्राध्यापक झालात की हे लागू होईल.

मग कार्ड कोणी घ्यावं? ज्याचा पगार ठरल्या तारखेला येतो, जो कार्ड नसतं तरी तेवढाच खर्च करणार होता, आणि ज्याला वर्षातून चार-पाच वेळा त्याच कंपनीच्या विमानानं जावंच लागतं, त्याला ते परवडतं. असे लोक आहेत. माझ्या बॅचमध्ये कोणी नाही. आधीच घेतलं असेल आणि नको असेल, तर सगळी बाकी चुकती करून लेखी विनंती करा. सात कामकाजाच्या दिवसांत बँकेनं कार्ड बंद करायला हवं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ती तुम्हाला देणं लागते. तारीख चुकलीच तर लगेच घाबरू नका. तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच विलंब शुल्क लागतं आणि क्रेडिट ब्युरोला कळवलं जातं. पण तो ढिलेपणा सवयीचा करू नका, पुढे गृहकर्ज मागताना तोच अहवाल उघडला जातो.

ज्युनियरला मी शेवटी जे लिहिलं ते असं: ‘आत्ता नको. अ‍ॅडमिशन झाली की पहिल्या महिन्यात अकाउंट्स सेक्शनला जा आणि विचार, परिषदेसाठी प्रवासाचा अ‍ॅडव्हान्स मिळतो का, अर्ज किती दिवस आधी द्यायचा, तिकीट कुठून काढायचं आणि नोंदणी फी संस्था परस्पर भरते का. परिषदेच्या आयोजकांनाही मेल कर. विद्यार्थ्यांना फीमध्ये सवलत बऱ्याचदा असते, मागितल्याशिवाय देत नाहीत.’ मी हे चारही प्रश्न तेव्हा विचारले नव्हते. नंतर कळलं, आमच्याकडे अ‍ॅडव्हान्सचा एक पानाचा फॉर्म होता. मार्गदर्शकांची सही आणि स्वीकृतीचं पत्र जोडलं की झालं.

तिचं उत्तर आलं: ‘आणि उपमा?’

‘घरून डब्यात ने. द्रव पदार्थ नसल्यामुळे सिक्युरिटीत चालतो.’